मडक्याच्या बुडाशी काय होतं?

"आज पुन्हा तवा चांदीसारखा लखलखीत! आता पोळी चिकटणार नाही तर काय?" आई काजलच्या कानाशीच पुटपुटली. शेजारच्या खोलीत काजलचे आजोबा, आबा, पेपर वाचत होते, म्हणून आवाज एवढासा.

तवा कोण घासतं, हे काजल विचारणार तोच गच्चीवरून वेदिकामावशी ओरडली, "अगं, माझी खापरं कुठे गेली?"

काजल आणि तिचा धाकटा भाऊ पिंटू धडधडत वर पळाले. मावशी पुरातत्त्वज्ञ. समुद्रातल्या एका बेटावर खोदकाम करून थेट बहिणीकडे, महाल वस्तीतल्या घरी उतरलेली. रात्री कूलरचं पाणी तिच्या खोक्यात शिरलं, म्हणून खापरं कुरडयांशेजारी वाळत घातली होती. आता कुरडया जागेवर, खापरं गायब!

"फुटक्या मडक्यांसाठी एवढं काय, मावशी?" पिंटूने विचारलं.

"अरे, राजांच्या गोष्टी दगडावर कोरलेल्या सापडतात. पण हजारो वर्षांपूर्वी त्या बेटावरच्या चुलीवर रोज काय रटरटत होतं, ते मडक्याच्या आतल्या करपलेल्या थरालाच ठाऊक! तो थर गेला की माझं सगळं काम गेलं."

"माकडांनी नेली असतील," मागोमाग वर आलेली आई म्हणाली. बघत मात्र होती कुरडयांकडे.

"कुरडया सोडून खापरं नेली?" काजल कुजबुजली. "पिंट्या, तवा चमकवणारं अन् खापरं नेणारं माकड एकच असलं तर?"

"म्हणजे सापळा लावायचा का बे?"

चहाचं काळंकुट्ट पातेलं त्याच जागी ठेवून दोघं पाण्याच्या टाकीमागे दबा धरून बसली. पाठ भाजत होती. इतक्यात जिन्यावर चपला वाजल्या. आबा! त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पातेलं दुपट्ट्याखाली घेतलं आणि हळूच खाली उतरले.

दोघं मांजराच्या पावलांनी मागे. न्हाणीत खापरं मांडलेली, घासूनपुसून लालभडक! सगळ्यांत मोठं, अजून काळं असलेलं खापर आबांच्या डाव्या हातात. उजव्या हातात चिंच आणि नारळाची शेंडी.

"आबाऽऽ, थांबा!" काजलने झडप घालून ते खापर उचललं.

मावशी धावत आली, तिच्यामागे आई. आधी मावशीने एकेक लालभडक खापर उलटून पाहिलं. मग काजलच्या हातातलं खापर खिडकीतल्या उन्हात धरून भिंग लावलं. "थर शाबूत आहे! हे बघ, माशाचा खवला चिकटलाय! शाब्बास पोरांनो! हे एक वाचलं, म्हणजे माझं काम वाचलं."

आबांचा चेहरा उतरला. "मले काय ठाऊक वं? म्हटलं, पोरगी लांबून घाण मडकी घेऊन आली. चारचौघांत लाज वाटन तिले."

"असू द्या, आबा," मावशी घाईने म्हणाली.

"नाहीतरी गच्चीवर कोण ठेवतं असं!" आई म्हणाली.

काजलने आबांच्या हातातली शेंडी काढून घेतली.

"आबा, तवाही तुम्हीच घासता. रिटायर झाल्यापासून तुम्हाला घरात करमत नाही ना?"

आईने डोळे वटारले. आबांनी ओले हात दुपट्ट्याला पुसले.

"नाही करमत वं," ते म्हणाले. "अजिबात नाही करमत."