पंचेचाळीस सेंटीमीटर

मी मूर्ख आहे असं आमच्या नणंदबाई वीस वर्षं सांगताहेत. त्या दुपारी मी ते सिद्धच करून दिलं. भाड्याने द्यायची घरं दाखवायचं काम त्यांचं, फोटो काढायचं माझं. आणि इतक्या वर्षांत फोकसची रिंग मी एकदाही हाताने फिरवलेली नाही. कॅमेरा करतोय ना, मग मी कशाला जीव काढू?

शेवटी राहिली होती आतली खोली. बिनखिडकीची. एक मिणमिणता बल्ब, आणि ओल्या चुन्याचा वास.

"दाराला काहीतरी लावून ठेव गं, आतून मूठ नाहीये," असं बजावून ताई खाली गेल्या. मी कॅमेऱ्याची बॅग लावली.

कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर फोकस लागेना. लेन्स नुसती झुईं... झुईं... पुढे-मागे. अशा वेळी मी भिंतीवर चौकडीचा रुमाल टांगते, म्हणजे कॅमेऱ्याला पकडायला काहीतरी मिळतं. रुमाल होता बॅगेत. मी बॅग ओढली, आणि मागे दार लागलं.

हुशारी बघा माझी!

दार आतून सपाट. त्यावर फक्त बोटांचे ठसे, खालपासून वरपर्यंत. आधीच्या भाडेकरूंची पोरं असतील, मी मनाशी म्हटलं. ताईंना फोन लावला.

"दहा मिनिटांत येते. तोवर कशाला हात लावू नकोस."

म्हणून मी लगेच रुमाल खिळ्याला टांगला. टिक्. फोकस लागला, पण फोटोत रुमाल धूसर. फोकस किती अंतरावर लागलाय, ते लेन्सवरच्या छोट्या काचेत दिसतं. भिंत चार मीटरवर. आकडा अडीच.

मधे काहीच नव्हतं.

पुन्हा दाबलं. दोन. मी एक पाऊल मागे सरले. दीड. आणखी एक पाऊल... पाठ दाराला टेकली. एक.

मग मी ऑटो बंद केलं आणि जन्मात पहिल्यांदा रिंग हाताने फिरवली. पाचवर रुमालाची चौकड लख्ख दिसली. आणि तिच्यासमोरून काहीतरी सरकलं. धूसर. माझ्याएवढं उंच.

डोळा बाजूला करायचा धीर होईना. रिंग जवळ जवळ आणत गेले. ऐंशी सेंटीमीटर. साठ. दर वेळी ते थोडं अलीकडेच. पंचेचाळीसला रिंग अडली. त्याहून जवळचं या लेन्सला दिसतच नाही.

काचेला काहीतरी टेकलं. अगदी हलकं...

"ताई..."

मागचं दार उघडलं आणि मी उताणी त्यांच्या अंगावर.

"दहा मिनिटं दम निघाला नाही ना?"

खोली रिकामी होती. खिळ्याला रुमाल.

बाहेर उन्हात आल्यावर पाहिलं, तर लेन्सच्या मधोमध बोटाचा एक ठसा. मी ओढणीने पुसला. फुंकर मारून पुसला. जाईना. ताईंनी चष्मा नाकावर ओढला आणि लेन्स उजेडाकडे वळवली.

"घासू नकोस उगाच," त्या म्हणाल्या. "आतून आहे तो."