लेन्सवरचा थर

ही घटना खरी आहे. शशिधरनं स्वतः सांगितलेली... आणि सांगताना तो मध्येच उठून मोरीत थुंकून आला.

२००९ सालचा वैशाख. गाव उचगाव. संध्याकाळची वेळ.

शशिधरला लाकडी कलाकुसरीचा नाद. धाकट्या बहिणीच्या, शांभवीच्या लग्नाचं रुखवत घरीच करायचं म्हणून त्यानं लेसरनं कापणारं एक छोटं मशीन जुन्यात घेतलं होतं. प्लायवूडचा राजवाडा निम्मा झालाही होता.

लग्न तोंडावर आलं आणि मशीन कापेनासं झालं.

प्लायवर नुसता काळा चरा उठायचा. आरपार काही जाईना.

त्यानं आरसे पुसले. ट्यूब थंड ठेवणारं पाणी बदललं. फरक नाही. मग लेसरचा किरण एका टिंबावर आणणारी लेन्स काढली...

लेन्सवर पिवळट, चिकट थर होता. बोट लावलं तर तार सुटली.

"पावणं, धूर बसतोय त्यो. स्पिरिटनं पुसा की," फोनवर मशीन विकणारा म्हणाला.

"धूर न्हवं ओ. शेंबडागत हाय."

त्यानं पुसलं. मशीन झकास कापू लागलं. थोड्याच वेळात पुन्हा नुसता चरा. पुन्हा तोच थर... आता त्यात काळे कण. आणि वास. मिशरी लावून न धुतलेल्या तोंडाचा.

घरात मिशरी कुणीच लावत नव्हतं.

शांभवी ओढणीनं नाक दाबत दारात आली. "अण्णा, कोण थुंकलंय हितं?"

शशिधरनं मशीनचं झाकण उघडलं. लेन्स लख्ख पुसून बसवली. झाकण लावलं. प्लगच काढून टाकला.

मशीनचा पंखा थांबला. पाण्याची मोटर थांबली. दोघं कान देऊन उभी राहिली.

आधी काहीच नाही.

मग झाकणाच्या आत...

लप... लप...

ताट चाटावं तसं. सावकाश. चवीनं.

शांभवीनं त्याचा दंड घट्ट धरला. त्यानं झाकण उघडलं.

आत कुणी नाही. लेन्सवरून लाळेचा थेंब लोंबत होता. त्यानं बोटाच्या टोकानं टिपला...

कोमट होता.

शशिधर तिथंच ओकला.

राजवाडा निम्माच राहिला. मशीन भंगारात गेलं. खोली फिनेलनं धुतली. लग्न पार पडलं, शांभवी सासरी गेली.

त्यानंतर एका सकाळी त्यानं उशाजवळचा चष्मा डोळ्यांवर चढवला.

समोरचं सगळं धूसर... आणि गालावरून काहीतरी ओघळलं.

आजही तो चष्मा डब्यात बंद करून झोपतो. सकाळी आधी त्याचा वास घेतो, मग घालतो.

कधी कधी दुपारपर्यंत घालतच नाही.