पाठमोरी धुरपता

पवनीत फोटो काढणारे ढीगभर झाले, पण जुना फोटो न्यायचा तो हर्षाकडेच, हे आता आजूबाजूच्या गावांनाही ठाऊक आहे. बाई कामाला अशी, की बघत राहावं! फाटलेला, वाळवीनं खाल्लेला, भिंतीच्या ओलीनं फुगलेला, कसलाही फोटो आणा. ती तो टेबलावर ठेवणार, वरून कॅमेऱ्यानं त्याचा फोटो घेणार आणि मग संगणकावर बसून एकेक डाग पुसणार. कॅमेरा टांगलाय वडिलांच्या काळच्या, फोटो मोठे करायच्या एन्लार्जरच्या दांड्यावर, तोंड खाली करून. त्यामुळे त्याचा मागचा पडदा छताकडे बघतो. फोकस पाहायला दरवेळी स्टुलावर चढायचं आणि मान मोडून घ्यायची, म्हणून तिनं तारेनं एक बावीस इंची मॉनिटर जोडला. कॅमेऱ्याला जे दिसतं ते त्याच क्षणी मॉनिटरवर, आणि बटण दाबलं की दहापट मोठं. "हर्षाताईनं कॅमेऱ्याले टीव्ही लावला," म्हणून चौकात हसायचे लोक. हसोत बापडे. त्या टीव्हीवर कागदाचा कण न् कण दिसेपर्यंत ती लेन्सची रिंग हातानं फिरवते, केसभर इकडे, केसभर तिकडे, आणि मग जो फोटो निघतो त्याला तोड नाही.

मागच्या उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, भर दुपारी नीतू तिच्याकडे आली. तलावाकाठच्या एका गावातली, मासे विकणाऱ्या घरातली, चाळिशीची बाई. मुलीची, मोनाची, हळद चार दिवसांवर आली होती. तिनं पदराच्या गाठीतून प्लास्टिकची पिशवी काढली आणि पिशवीतून एक फोटो.

"मायचा फोटो मोठा करून पायजे, ताई."

तळहाताएवढा काळा-पांढरा फोटो. तलावाच्या पाळीवर पाच बाया, डोक्यावर मासोळ्यांच्या टोपल्या. चौघी समोर बघून हसत होत्या. पाचवी, कडेची, पाठ करून उभी होती.

"यातली आई कोणती?"

"थे कडेची. तोंड फिरवलं ना, थेच. धुरपता नाव होतं."

हर्षानं फोटो उजेडाकडे धरला. "दुसरा एखादा फोटो?"

"नाई. एवढाच." नीतू खाली बघत बोलली. "मी पोटात होती तवा. पोटुशी बाईनं फोटो काढू नये म्हणतेत ना आमच्यात? माही आजी वरडली, अन् मायनं तोंड फिरवून घेतलं. महिन्याभरानं मी झाली, अन् थे गेली. सारे मलेच म्हणत, पोरीपायी गेली. मी तिचं तोंड कवाच पाहिलं नाई, ताई."

त्यांच्याकडे लग्नात आधी घरातल्या गेलेल्या माणसांच्या फोटोंना हळद लागते, मग नवरीला. नीतूच्या सासूचा फोटो होता, सासऱ्याचा होता. धुरपतेची जागा भिंतीवर रिकामी होती.

"एका पोरानं सांगतलं, कम्प्युटरवर तोंड बनवून देतो," नीतू म्हणाली. "मी म्हणली, थे कोणाचं तोंड राहीन मंग? पाठ तं पाठ. पण मायचीच पायजे. पाठीलेच हळद लावून देईन."

हर्षानं पैशाचा विषयच काढला नाही. नीतूला मॉनिटरसमोर खुर्ची दिली, बाहेरचं ऊन नको म्हणून दुकानाचं शटर अर्धं ओढलं, दोन्ही बाजूंचे दिवे लावले आणि फोटोच्या चार कोपऱ्यांवर लोखंडी वजनं ठेवली.

मॉनिटर उजळला. पाची बाया पडदाभर झाल्या. हर्षानं कडेच्या बाईवर चौकट नेली आणि दहापट केलं. अंबाडा, अंबाड्यातलं फूल, मानेवर सुटलेली बट. नीतूच्या तोंडून नुसतं "आवो माय!" निघालं. एवढ्या जवळून तिनं आईची मानही कधी पाहिली नव्हती.

हर्षा रिंग फिरवू लागली. अंबाडा धूसर झाला, स्पष्ट झाला, पुन्हा धूसर. तिनं रिंग जागेवर आणली, हात काढला. पण फोकस पुन्हा सुटला. सुटला तोही फक्त त्या बाईपुरता. शेजारच्या बाईच्या टोपलीचे वेतसुद्धा मोजता येत होते.

दांडा सरकला असेल म्हणून तिनं स्क्रू आवळला. रिंगेवरचा अंतराचा आकडा पाहिला. कागद साठ सेंटिमीटरवर होता, चौघी साठवर लख्ख दिसत होत्या. पाचवीसाठी रिंग पंचावन्नावर न्यावी लागली, जणू ती कागदावरून लेन्सकडे वर आली होती. मग पन्नासवर. अशी अडचण तिला वीस वर्षांत आली नव्हती. कागद सपाट, त्यावरची माणसंही सपाट, एकटी बाई वर कशी येईल?

दुकानात ओल्या गाळाचा वास आला. वैशाखाच्या दुपारी, शटर अर्धं ओढलेलं असताना.

"ताई..." नीतू कुजबुजली. "फूल हाललं."

हर्षानं टेबलावर पाहिलं. फोटो होता तसा होता, पाठमोरी बाई पाठमोरीच. तिनं मॉनिटरकडे पाहिलं. मानेवरची बट सरकत होती. गाल दिसू लागला होता. इतका सावकाश, की डोळा तिथंच ठेवला तर काही हलत नसे, आणि पापणी मिटून उघडली की थोडा जास्त गाल दिसे.

कुणीही तार उपटून पळालं असतं. पण हर्षाचा हात? शाब्बास त्या हाताची! तो रिंगेवरून हलला नाही. बाई वर येईल तशी रिंग पुढे, केसभर, केसभर. अठ्ठेचाळीस... पंचेचाळीस... एक क्षणही तिनं तो चेहरा धूसर होऊ दिला नाही. मधेच न राहवून तिनं डावा हात लेन्स आणि फोटो यांच्यामध्ये घातला. डोळ्यांना तिथं रिकामी हवा होती. मॉनिटरवर मात्र तिचा हात त्या बाईच्या मागून गेला. तिनं तो काढून घेतला, तर बोटं ओली होती.

चाळीसवर चेहरा पुरता समोर आला.

किती देखणी होती धुरपता! रुंद कपाळ, कपाळावर आडवं गोंदण, ओठ जरासे उघडे, आणि डोळे असे की त्यांच्यावरून नजर हटू नये. वय असेल बावीस-तेवीस. मॉनिटरसमोर बसलेली लेक तिच्यापेक्षा थोरली दिसत होती. नीतू हमसून हमसून रडत होती आणि हसतही होती.

"माह्यासारखी हाये, ताई... नाक पाहा ना... माहंच नाक हाये..."

धुरपता तिच्याकडेच बघत होती.

"दाबू?" हर्षानं विचारलं.

"दाबा."

कॅमेरा खट्ट वाजला. मॉनिटर क्षणभर काळा झाला. पुन्हा उजळला तेव्हा पाची बाया साठवर होत्या, चौघी हसत, कडेची पाठमोरी. हर्षाच्या मनानं घेतलं, काही आलं नसणार. पण कॅमेऱ्याच्या कार्डावर फोटो होता. खांद्यापर्यंत धुरपता, समोर बघणारी, पापणीचा केस न् केस मोजावा इतकी स्पष्ट. असा फोटो हर्षानं आजवर काढला नव्हता आणि पुढेही काढणार नव्हती, हे तिला तेव्हाच कळलं. तिनं त्यातला एक डागही पुसला नाही. मोठा करून, फ्रेम करून तसाच दिला.

हळदीला ती स्वतः गेली. नीतूनं पहिली हळद आईला लावली. गावातल्या म्हाताऱ्या फ्रेमसमोर उभ्या राहून "धुरपताच व बाई!" म्हणत डोळे पुसत होत्या. फोटो कुठून आला, हे कुणी विचारलं नाही. नीतूला 'पोरीपायी गेली' म्हणणाऱ्या बायाही त्या दिवशी तिचा हात धरून बसल्या. हर्षाला वाटलं, आपल्या कामाचं सोनं झालं.

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी नीतूचा फोन आला.

"ताई, फोटोत मायचे खांदे दिसत होते ना?"

"हो. दोन्ही. काहून?"

"आता दिसत नाई." नीतूच्या आवाजात जराही घाबरल्यासारखं नव्हतं. "पोळ्यावरी दिसत होते. मंग गळा गेला. आता नुसतं तोंड मावते फ्रेमीत, थेही काठाले टेकलं हाये."

"नीतूताई, ऐका माझं. तो फोटो उतरवा आणि इकडे घेऊन या. आजच्या आज."

"कायले व ताई?" नीतू हसली. लहान मुलीसारखं हसली. "एक्केचाळीस वर्सं माह्यापायी तोंड फिरवून उभी होती. आता येऊन राहिली, तं येऊ दे ना."

मग ती हळूच म्हणाली,

"काल मी फ्रेमीची काच काढून टाकली. उगाच आडवी येत होती तिले."