सुनेचं रिकामं कपाट

"लग्न खरं आहे हो आमचं," सून रडकुंडीला येऊन म्हणाली, "पण साहेबांना कपाटात माझी चिंधीसुद्धा सापडली नाही."

शेजारच्या दाजींनी कपाळाला हात लावला. नवरा इथला नागरिक, बायको लग्न करून आलेली. तिला इथे राहायचं कार्ड हवं, तर दोघं खरंच एकत्र राहतात का हे बघायला सरकारी माणूस घरी येणार. नांदण्याचाही पुरावा द्यायचा, म्हणजे कमालच झाली. तो आला तेव्हा ही भाषेच्या वर्गाला गेलेली. सासूने खोली दाखवली, तर सुनेचं सगळं सामान गायब. बॅग नंतर माळ्यावर सापडली. आज दुपारी तो पुन्हा येणार होता, शेवटचा. त्याला पटलं नाही तर हिची रवानगी, आणि दुसऱ्या शहरात ठरलेल्या नोकरीवरही पाणी.

दाजींची मेहुणी खासगी तपासाची कामं करायची, म्हणून त्यांनी तिला बोलावलं होतं. तिने बॅग उपसली. कपडे, चपला, आणि तळाशी एक ढगळ पुरुषी शर्ट.

सासू म्हणाली, सून मला पसंत नाही हे खरं, पण सरकार घरात आणून अब्रू घालवायला मी वेडी नाही. शर्ट मुलाचा, चुकून भरला गेला असेल. नणंदेकडे घराची किल्ली होती. तिनेही शर्ट बघून 'दादाचा' म्हणत नाक मुरडलं. दादा तर या बहिणीवरच सारखा खेकसत होता. सून मात्र मान खाली घालून पुटपुटली, की शर्ट त्याच्याच थप्पीत असतो, पण रात्री झोपताना ती घालते. खोलीबाहेर कधीच नाही.

"नणंदच," दाजी म्हणाले. "किल्ली आहे आणि तोराही आहे."

"दाजी, किल्लीने दार उघडतं. नवऱ्याच्या थप्पीतला बायकोचा शर्ट कळत नाही. या दोघींनी बॅग भरली असती तर तो जागच्या जागी राहिला असता." मेहुणी नवऱ्याकडे वळली. "तो हिचा, हे खोलीतल्या दोघांनाच ठाऊक. त्यातली एक तर कार्डासाठी जिवाचं रान करते आहे."

नवरा मटकन खाली बसला. "कार्ड मिळालं की ही नोकरीला जाणार. मग माझ्याकडे कशाला परत येईल? वाटलं, थोडं लांबेल."

दाजींचं डोकंच फिरलं. बायको जाऊ नये म्हणून बायकोलाच हाकलायची सोय करणारा हा पहिलाच. असल्या अकलेपेक्षा सरकार परवडलं.

 सुनेने मेहुणीला विचारलं, याच्याशिवाय कार्ड मिळतं का. मेहुणीने नुसती मान हलवली, नाही म्हणून.

सून उठली आणि तिने कपडे भराभर कपाटात लावले. तेवढ्यात बेल वाजली.

"ऊठ, तोंड धू," ती नवऱ्याला म्हणाली. "साहेब आलेत. नवरा-बायको दिसलो पाहिजे."