पिस्तुलाचं हसू राहिलं

सकाळचं शूटिंग आटोपलं तशी क्वाई-लाननं दुधाच्या चहाचा पेला बाजूला सारला आणि परत आलेली हत्यारं पुसायला घेतली. डायमंड हिल भागातल्या त्या सिनेमाच्या स्टुडिओतली हत्यारांची खोली तिच्या ताब्यात होती. बाईमाणसाला यातलं काय कळतं, असं म्हणणारे पुष्कळ येऊन गेले आणि शेवटी तिच्याच दारात हात पसरून उभे राहिले. तलवारी, भाले, लाकडी बंदुका ढिगानं पडल्या होत्या. खरं म्हणावं असं हत्यार एकच. साध्या कपड्यांतले पोलीस कमरेला लावतात तसलं मुठीत मावणारं, आखूड नळीचं, पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर. त्यात आता नुसते आवाजाचे बार भरत, पण पडद्यावर त्यानं वीस वर्षं माणसं मारली होती. कृष्णधवल जमान्यात एका गाणाऱ्या नटीनं ते पर्समधून काढलं. मग इन्स्पेक्टर आले, तस्कर आले. एका विनोदी सिनेमात तर ते भाजलेल्या बदकाच्या पोटातून निघालं. मुठीचा एक टवका उडालेला होता. तेवढ्यावरून क्वाई-लान ते भर थिएटरात ओळखायची आणि शेजारी कोण बसलंय हे न बघता कोपरखळी मारून सांगायची, हे आमचं.

त्या दुपारी रिव्हॉल्व्हरची गोळ्या भरायची चक्री उघडेना. तिनं खटका दाबला, तेल सोडलं, टेबलावर आपटलं. दातखीळ बसावी तशी चक्री मिटलेली. तिनं नळीला नाक लावलं. जळक्या दारूचा वास यायला हवा होता. आला तो विझलेल्या उदबत्तीचा.

तिच्या मनात पाल चुकचुकली. सकाळी या रिव्हॉल्व्हरनं मारलं होतं तिच्या धाकट्या भावाला, शू-कानला. मरणं हाच त्याचा धंदा. जिन्यावरून त्याच्यासारखं कोसळणारा अख्ख्या काउलून भागात दुसरा नव्हता. झोपडपट्टीच्या आगीत आई गेल्यापासून क्वाई-लाननंच त्याला वाढवलेला.

आता तिथली रीत अशी, की कॅमेऱ्यापुढे जो मेला त्याच्या हातावर शकुनाच्या पैशांचं लाल पाकीट ठेवायचं आणि कॅमेरा बंद व्हायच्या आत त्यानं उठून बसायचं, कॅमेऱ्यात बघून मनमोकळं हसायचं. मी जिवंत आहे, असं हत्याराला कळवायचं. का, म्हणून कुणी विचारत नसे. विचारण्यासारखं त्यात आहेच काय?

ती तडक कॅमेरावाल्या हुंग काकांकडे गेली. काका आधी इकडचं तिकडचं बोलले, मग कबूल झाले. शू-कान पडला आणि त्याच क्षणी रीळ संपलं. परदेशात शिकून आलेले नवे डायरेक्टर मोक म्हणाले, राहू दे, हसण्यासाठी नवं रीळ कोण चढवतो? आणि शू-कानलाही घाई होतीच, पलीकडच्या सेटवर तलवारीनं मरायला जायचं होतं.

"तिथे हसला की तो," काका म्हणाले. "मी पाहिलं ना."

"तलवारीचं हसू तलवारीला गेलं, काका. पिस्तुलाचं राहिलं."



संध्याकाळी शू-कान घरी जेवायला बसला. एरवी घास कमी आणि गप्पा जास्त. आज गप्प. तिनं चुलीवरची रटरटती पेज वाढली. त्यानं फुंकर न घालता वाटी तोंडाला लावली आणि रिकामी करूनच खाली ठेवली. ती बघत राहिली.

"आज कितीदा मेलास रे?" तिनं रोजची थट्टा केली. पोट भरेल इतक्यांदा, हे त्याचं ठरलेलं उत्तर.



"एकदाच," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्वाई-लान हत्यारांच्या खोलीला कुलूप घालून दारात बसली. माझ्या भावाचं हसू घेतल्याशिवाय इथून लाकडी सुरीसुद्धा बाहेर जाणार नाही, असं तिनं बजावलं. मोक साहेब आले, हसले, समजावू लागले.

"ताई, एका हसण्याला किती फूट फिल्म जाते माहितीये?"

"माझ्या भावापेक्षा कमीच जात असेल."

शेवटी जिन्याशी तेच दिवे लागले. तोच लाल रंगानं माखलेला सदरा शू-कानला चढवला. तो पडला होता तसाच, एक पाय दुमडून आडवा झाला. रिव्हॉल्व्हर क्वाई-लाननं स्वतःच्या हातात धरलं होतं. कॅमेरा घरघरू लागला.

"ऊठ बाबा. हस," हुंग काका म्हणाले.

तो उठेना. मग शू-कान एकदम उठून बसला आणि असा खदखदून हसला की दिवेवालेही हसायला लागले. तेवढ्यात क्वाई-लानच्या हातातली चक्री आपसूक उघडली आणि पाचही रिकामी काडतुसं तिच्या तळहातावर पडली. तिला हुंदका आवरला नाही. स्टुडिओतल्या देवापुढे तिनं उदबत्त्या लावल्या, अख्ख्या सेटला डुकराच्या मांसाचे पाव वाटले. मोक साहेबांनीही दोन खाल्ले.

पुढच्या दुपारी धुऊन आलेली फिल्म पाहायची होती. ती भावाला घेऊन गेली. बिनखिडक्यांची खोली, कोंदट अंधार, मागे मशीनची किरकिर. आवाज तिथे नंतर भरतात, त्यामुळे चित्र मुकंच. पडद्यावर टवका उडालेली मूठ दिसली, नळीतून धूर निघाला, शू-कान जिन्यावरून गडगडत खाली आला. मग हसण्याचा तुकडा लागला.

शू-कान उठून बसला आणि हसला. लहानपणापासूनचं ते हसू, डावा गाल आधी वर जाणारं. क्वाई-लानही हसली आणि तिनं शेजारी कोपरखळी मारली.

शेजारचा शू-कान हसत नव्हता. खोली बळकावलेल्या भाडेकरूनं जुन्या भाडेकरूकडे पाहावं, तसा तो पडद्याकडे पाहत होता.

पडद्यावरचं हसू थांबलं. तो शू-कान सरळ तिच्याकडे बघत होता. त्याचे ओठ हलले. ताई, म्हणाला तो, तेवढं तिला वाचता आलं. पुढचंही तो काहीतरी सांगत होता, घाईघाईनं, पुन्हा पुन्हा... काल जिन्याशी तो एक अक्षर बोलला नव्हता. तिच्या डोळ्यांदेखत तर सगळं झालं होतं.

तुकडा संपला. पडदा पांढराफट पडला, मशीन तशीच फिरत राहिली.

शेजारून थंडपणे, अगदी हळू आवाज आला.

"ताई... एवढा तुकडा कापून फेकून देतात ना?"