येतो

रविवारी जेवण उरकून सुशीलनं मोटारसायकल काढली, तेव्हा नूतननं त्याच्या हातात खजुराची पिशवी दिली.

"मुसाचाचांच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नका," ती म्हणाली. "हुदाला सांगा, पुढच्या वेळी मी पण येईन."

रोह्याला लागून असलेल्या अष्टमीहून पेण म्हणजे पाऊण-एक तासाचा रस्ता. रोज गाडीवर धाटावच्या कारखान्यात जाणाऱ्या माणसाला तो काही जड नव्हता. पण चाचा लेकीकडे, हुदाकडे, पेणला राहायला गेल्याला सात वर्षं झाली होती आणि सुशील त्यांच्याकडे एकदाही गेला नव्हता. आज निघाला होता, कारण चाचा वारले होते.

सुशील एका कंपनीत लॅबमध्ये होता. वय बेचाळीस, चारचौघांत अगदी गरीब गाय. मोबाईलवर बुद्धिबळ उघडलं की मात्र या गायीला शिंगं फुटायची. समोरच्यानं विचाराला मिनिटभर घेतलं की हा लिहिणार, 'झोपलास काय?' जिंकला की 'हा हा हा'. हरायला लागला की बरोबरी मागायचा. नाही म्हटलं तरी पुन्हा मागायचा, आणि पुन्हा. एवढं करून मात टळत नाही असं दिसलं, की शेवटचं हत्यार. 'येतो' एवढंच लिहायचं, मोबाईल पालथा घालायचा आणि खुशाल उठून जायचं. घड्याळ याचंच चालू असायचं, पण अडकून पडायचा समोरचा. लोक कंटाळून निघून जात. पाच-सात सेकंद उरली की हा परत येऊन एखादं प्यादं सरकवायचा. आता घड्याळ समोरच्याचं. तो जागेवर नसला की त्याची वेळ संपायची आणि डाव सुशीलच्या नावावर लागायचा.

"तुझ्याशी खेळायचं म्हणजे स्टँडवर शेवटच्या एसटीची वाट बघायची," शिफ्टमधला नितेश म्हणायचा. "येनार, येनार म्हनतात... येत नाय."

सुशील हसून सोडून द्यायचा. त्याला त्याची लाज नव्हती, हे इथेच सांगून टाकलेलं बरं.

आणि हा खेळ त्याला शिकवला होता मुसाचाचांनी. चाचांचं अष्टमीत सायकलचं दुकान होतं. एका हातानं पंक्चर काढायचे, दुसऱ्या हातानं घोडा हलवायचे. दुकानाला सदा रबर सोल्युशनचा वास. त्यांचा नियम एकच होता. हरलेल्यानं राजा स्वतःच्या हातानं आडवा करायचा, 'डाव तुझा' म्हणायचं आणि सगळी मोहरी डब्यात भरायची. प्यादी खाली, मोठी मोहरी वर, आणि दोन्ही राजे सगळ्यात शेवटी, शेजारी-शेजारी. लहानपणी सुशीलनं हजार वेळा तो डबा भरला होता. पुढे चाचा कुवेतला गेले, दुकान विकलं. परत आले ते फुप्फुसं निकामी करून, आणि पेणला जाण्याआधी काही महिने अष्टमीतच खोकत काढले. लेकीच्या घरी नाकात ऑक्सिजनची नळी घालून बसायचे आणि रविवारी दुपारी मोबाईलवर सुशीलशी एक डाव खेळायचे. दोघांना एकेक तास. डाव सुरू होण्याआधी दर वेळी लिहायचे, 'बाला, पेणला कधी येतोस?' सुशील त्याला उत्तर देत नसे.

मागच्या रविवारीही त्यांनी ते विचारलं. मग असे काही खेळले की सुशीलला घाम फुटला. चाचांचा हत्ती आणि वजीर त्याच्या राजाच्या छाताडावर येऊन बसले. दोन खेळ्यांत मात. सुशीलच्या घड्याळात बावन्न मिनिटं शिल्लक होती. त्यानं लिहिलं, 'येतो', मोबाईल फ्रिजवर पालथा घातला आणि गाडी धुवायला खाली गेला. नऊ सेकंद उरली तेव्हा येऊन त्यानं प्यादं सरकवलं. चाचा खेळले नाहीत. संध्याकाळी पाहिलं तर पडद्यावर आलं होतं, 'तुम्ही जिंकलात'. सहा गुण वाढले. सुशीलनं 'हा हा हा' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी हुदाचा फोन आला.

पेणला चाचांची खोली मागच्या बाजूला होती. एकच खिडकी, तीही अर्धी लोटलेली. औषधांचा आणि लोबानाचा वास अजून गेला नव्हता. कोपऱ्यात ऑक्सिजनचं मशीन चादर पांघरून उभं होतं. पलंगाजवळच्या स्टुलावर लाकडी पट मांडलेला होता. सुशीलनं तो वाकून पाहिला. तोच डाव होता. तोच हत्ती, तोच वजीर, कोपऱ्यात कोंडलेला त्याचाच काळा राजा.

"त्यांनीच मांडला," हुदा म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "त्या दिवशी दुपारी त्यांचा दम वाढला. बोटाला लावायचं यंत्र सत्तरवर आलं. मी रिक्षा बोलावली, दारात येऊन उभी राहिली. पण आब्बा उठतच नव्हते. म्हनाले, थांब, सुशील येतोय."

"येतोय...?"

"तुमी लिहिलं नव्हतं, येतो म्हनून? मला दाखवलं त्यांनी. म्हनाले, सात वर्षांनी येतोय पोर, रोह्याहून निघाला बघ. घर बंद दिसलं तर परत जाईल. मला चहा टाकायला लावला. केस विंचरून घेतले. हा पट काढायला लावला. बोलले, आल्यावर उरलेला डाव समोरासमोर खेळू."

सुशीलनं खजुराची पिशवी स्टुलाच्या कडेला ठेवली.

"पाऊन तास वाट बघितली त्यांनी. मग मोबाईल वाजला. तर हसले. म्हनाले, आला. आनि दाराकडे बघत..." हुदानं ओढणी तोंडाला लावली. मग ती म्हणाली, "सुशीलभाई, तुमी कुठवर आला होतात?"

खरं बोलायला तेव्हा 'घरीच' एवढा एकच शब्द लागला असता. तो सुशीलच्या घशापर्यंत आलाही होता.

"नागोठण्यापर्यंत," तो म्हणाला. "तिथं गाडी पंक्चर झाली."

हुदानं मान हलवली. तिचा त्याच्यावर विश्वास बसला, आणि तेच त्याला सोसवेना. ती रिकामा डबा घेऊन आली.

"हे तुमाला द्यायचं म्हनून ठेवलं होतं त्यांनी. मला यातलं काय कळत नाय. ते म्हनायचे, हरेल त्यानं भरायचं. मग हरलं कोन?"

पुन्हा एकदा तेच. पुन्हा एकच शब्द, 'हरलो'. पण चाचांचं दुकान सुटल्यापासून जो कधी तोंडातून निघाला नाही, तो आता कुठून निघणार?

"वेळ... चाचांची संपली," सुशील म्हणाला. "तसा डाव माझाच लागला."

"मग तुमी नका भरू," हुदा साधेपणानं म्हणाली. तिनं मोहरी एका रुमालात तशीच गोळा करून गाठ मारली. रुमाल, पट आणि रिकामा डबा पिशवीत घालून तिनं ती त्याच्या हातात दिली.

मयताच्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, हे त्याला ठाऊक होतं. तरी उंबऱ्यावर सवयीनं निघून गेलंच, "येतो."

मागे खोलीत, चादरीखाली, काहीतरी हललं. फुस्स... टक्. हुदानं मशीनकडे पाहिलं. मशीनची पिन भिंतीतून काढून ठेवलेली होती. सुशीलनं घाईनं चपला घातल्या.

परतीच्या वाटेवर, नागोठण्यापाशी, मागचं चाक बसलं. गाडी ढकलत सुशीलनं पंक्चरवाल्याकडे नेली. पंक्चरवाल्यानं ट्यूब बाहेर काढली, हवा भरून पाण्यात फिरवली. एक बुडबुडा आला नाही.

"जोडलेली हाय की ही," तो म्हणाला. "आनि हे ठिगळ सायकलच्या ट्यूबचं. असं कोन लावतो आता? हात लावून बघा, सोल्युशन अजून ओलं हाय."

सुशीलनं हात लावला नाही. पैसे दिले आणि निघाला. भिसे खिंडीत ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. सगळ्या वाटेत त्यानं आरशात एकदाही पाहिलं नाही, पण पाठीशी वास येत राहिला. रबर सोल्युशनचा, कोंदट, गोडसर.

घरी पोचला तेव्हा नूतन देवापाशी दिवा लावत होती. त्यानं पिशवी टेबलावर ठेवली, अंघोळ केली आणि खुर्चीत बसला. तेवढ्यात मोबाईल वाजला.

चाचांच्या नावापुढे हिरवा ठिपका लागला होता. तोच, मागच्या रविवारचा डाव उघडला होता. त्याच्या 'हा हा हा'खाली नवी ओळ आली होती.

'येतो.'

आणि चाचांचं घड्याळ चालू होतं. बावन्न मिनिटं. एकावन्न एकोणसाठ. अठ्ठावन्न.

हुदाच्या पोरांपैकी कुणी मोबाईलशी खेळत असेल, म्हणून त्यानं तिला फोन लावला.

"आब्बांचा मोबाईल?" हुदा म्हणाली. "तो तर त्या दिवसापासून बंद हाय. कपाटात. का हो?"

त्यानं फोन ठेवला. मग जन्मात पहिल्यांदा तो हार मानायचं बटण शोधू लागला. वर, खाली, सगळीकडे शोधलं. बटण नव्हतं. 'तुम्ही जिंकलात', एवढंच लिहिलेलं होतं. जिंकलेला डाव सोडता येत नाही. त्यानं लिहिलं, 'हरलो चाचा'. गेलं नाही. पुन्हा लिहिलं, 'मी हरलो, मी निघालोच नव्हतो'. तेही गेलं नाही. घड्याळ चाळीसवर आलं, तीसवर आलं.

त्यानं रुमालाची गाठ सोडली. पट मांडला, एकेक मोहरं त्या जागेवर ठेवलं आणि काळा राजा आडवा केला.

"डाव तुमचा," तो पुटपुटला. "चाचा... डाव तुमचा."

घड्याळ थांबलं नाही.

"कोणाशी बोलताय?" स्वयंपाकघरातून नूतननं विचारलं.

"कोणाशी नाय."

बाहेर जिन्याचा दिवा लागला. पाच मिनिटं. दोन. मग जिन्यावर आवाज आला. फुस्स... टक्. एक पायरी. फुस्स... टक्. दुसरी. दमेकरी माणूस चढतो तसा, प्रत्येक पायरीला थांबत. दाराशी येऊन तो आवाज उभा राहिला. पडद्यावर शून्य आलं.

कुणी कडी वाजवली नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी सुशील उठला आणि त्यानं दार उघडलं. बाहेर कुणीच नव्हतं. नुसता वास होता, सोल्युशनचा, दाट. तो क्षणभर तिथे उभा राहिला, मग दार लावून मागे वळला.

टेबलावरचा पट रिकामा होता. शेजारी डबा उघडा. मोहरी भरलेली होती, नीट, लावून. प्यादी खाली, मोठी मोहरी वर आणि दोन्ही राजे सगळ्यात शेवटी, शेजारी-शेजारी.

मोबाईलवर एक ओळ आली होती.

'डाव तुझा, बाला. येतो.'

नूतन स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिच्या हातात ट्रे होता, ट्रेत तीन कप.

"मुसाचाचांसारखा खोकला ऐकू आला, म्हणून तुमच्याकडचं कोणी पाहुणं असेल म्हटलं," ती म्हणाली. तिनं इकडे-तिकडे पाहिलं. "गेले का?"

सुशीलनं डब्याकडे पाहिलं.

"येतो म्हणालेत," तो म्हणाला.