मोठ्या पाळण्यातला पाहुणा

लातूरच्या मोठ्या आकाशपाळण्यात बसलेली माणसं बाहेर बघतात. आपलं घर कुठं आलं, पोराचा क्लास कुठं आला, हे बोटानं दाखवण्यात फेरी कधी संपली ते कळत नाही. त्या मंगळवारी दुपारी आलेला तरुण मात्र बाहेर बघतच नव्हता. तो रुद्राणीकडे बघत होता.

काचेच्या डब्यात पाहुण्यांसोबत बसून शहर दाखवायचं, हेच रुद्राणीचं काम. डबा वर चढू लागला तशी तिनं सुरुवात केली... ही गंजगोलाई, मधोमध देवीचं देऊळ, भोवतीनं फुटलेले सोळा रस्ते. काचेवर भुरभुर पाऊस होता. डब्यात दोघंच.

"शहर तिकडं हाय," ती म्हणाली.

"बघूनच राहिलो की," म्हणत तो झटकन काचेकडे वळला. त्याचे कान लाल झाले होते.

दुसरी एखादी लाजली असती. रुद्राणीला शंका आली.

तिला कारणही होतं. मागच्या वर्षी निलंग्याच्या एका स्थळानं असाच एक माणूस तिकीट काढून धाडला होता. त्यानं गोड बोलून सगळी माहिती काढून घेतली, आणि पाठोपाठ निरोप आला... मुलगी दिवसभर परक्या माणसांसोबत डब्यात बसते, आम्हाला न्हाई जमायचं. तिचे वडील, अप्पा, ताटावरून उठून गेले. ते तिला शिव्यांपेक्षा जास्त लागलं होतं.

पुढच्या मंगळवारी तो पुन्हा आला. नाव मृत्युंजय, उदगीरला पाण्याच्या मोटारींचं दुकान, मालासाठी लातूरला यावं लागतं — एवढं त्यानं न विचारताच सांगितलं. मोटारींचा माल पाळण्यात मिळतो का, असं तिनं विचारलं, तेव्हा तो हसला. हसला की तो बरा दिसतो हे तिच्या ध्यानात आलं, आणि त्याचाच तिला राग आला. त्यात तिकीट खिडकीवरची सिंधू म्हणाली, तो रुद्राणीचा डबा कोणता ते विचारून घेतो. घरी कोण कोण असतं, तेही विचारत होता.

"तुम्ही सगळ्यांवरच चिडता, का माझ्यावरच?" एकदा त्यानं विचारलं.

"सगळ्यांवर."

"असं होय..." तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, माझ्यावरच."

हसू लपवायला तिला काचेकडे तोंड करावं लागलं. पुढच्या मंगळवारी तिनं मोरपंखी ओढणी घेतली आणि मग दिवसभर स्वतःवरच कुरकुरत राहिली.

त्याच आठवड्यात कमलम्मा आत्याचा फोन आला. उदगीरचं एक चांगलं स्थळ तिनं सुचवलं होतं, राजशेखर नावाचं. ते म्हणे बोलणी व्हायच्या आधीच मोडलं. मुलाचा चुलतभाऊ गुपचूप मुलगी बघून आला आणि म्हणाला, पोरगी लई तिखट हाय दादा, तुला झेपायची न्हाई. त्या चुलतभावाचं नाव मृत्युंजय.

रात्री अप्पा परत ताटावरून उठले.

पुढच्या खेपेला रुद्राणीनं शहर दाखवलंच नाही. डबा वर पोचला तशी ती सरळ त्याच्याकडे वळली.

"राजशेखर तुमचे कोण?"

त्याचा चेहरा उतरला. "चुलतभाऊ. थोरला."

"त्यांनी धाडलं तुम्हाला."

"हाव, पहिल्या खेपेला."

"आणि नंतर?"

"नंतर कुणीच न्हाई." तो बोटांशी चाळा करत राहिला. मग थांबत थांबत त्यानं सांगितलं, मुलगी चांगली आहे, हो म्हण, एवढंच दादाला सांगायचं होतं. तेच सांगायला तो घरी गेला होता. "पण तुम्हाला वहिनी म्हणायचं... ते तोंडातून निघालंच न्हाई. म्हणून भलतंच सांगून बसलो."

त्याचा अर्थ तिला कळला. तरी ती म्हणाली, "तुमच्या एका वाक्यानं माझे अप्पा उपाशी झोपले."

हे त्याला माहीत नव्हतं. मी सगळं निस्तरतो, असं तो म्हणाला. तिनं मान फिरवली. असं बोलायला काय लागतं?

पुढचा मंगळवार आला आणि तो आला नाही. बघ, म्हटलं नव्हतं का, असं ती स्वतःला दिवसभर समजावत राहिली आणि दर फेरीला खालच्या रांगेकडे बघत राहिली.

संध्याकाळी अप्पा त्यांच्या धान्याच्या आडतीवरून आले ते थेट तिच्यापाशी बसून सांगू लागले. सोयाबीनचा सौदा ऐन रंगात असताना उदगीरचा एक मुलगा दुकानात आला होता. हमाल, मापाडी, सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाला, मी तुमच्या मुलीबद्दल खोटं बोललो. भावालाही खरं सांगितलंय, तो आता माझ्याशी बोलत नाही.

"मग? तुम्ही काय केलं?"

"चहा पाजला," अप्पा म्हणाले. "पोरगं उशिरा खरं बोललं. पण चारचौघांत बोललं."

त्या रात्री ते पोटभर जेवले.

आठवड्यानं तो आला. तिकीट हातात घेऊन डब्याच्या दाराशीच घुटमळला. तिनं खुणेनं आत बोलावलं. डबा जमिनीवरून सुटला.

"माझा पुरता विश्वास बसला न्हाई अजून," ती म्हणाली.

"हाव."

"वेळ लागंल."

"लागू द्या."

खाली आडत बाजाराची पत्र्याची छपरं पावसानं चकाकत होती. ती तिकडे बघत राहिली, आणि मग त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "रविवारी आईला घेऊन घरी ये."

तो हो म्हणाला... आणि थबकला. 'या' नव्हे, ती 'ये' म्हणाली होती.